काचघरातली ऊब

मैत्रिणींनो, कडाक्याची थंडी पडली की आपल्याकडे केळीच्या बांधावर रात्री काडीकचरा पेटवून धूर करतात, पहाटे विहिरीचं कोमट पाणी सोडतात. रोपाला ऊब द्यायची हीच धडपड विलायतेतल्या श्रीमंतांनीही केली, पण आमरीसाठी, म्हणजे ऑर्किडसाठी. फांदीला धरून वाढणारं हे झाड. सह्याद्रीतली सीतेची वेणी त्यातलीच.

१८३५ साली ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांचे मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांच्या सांगण्यावरून जॉन गिब्सन नावाचा तरुण माळी हिंदुस्थानात आला. खासी टेकड्यांत चेरापुंजीकडे फिरून १८३७ मध्ये तो आमरीची रोपं घेऊन परतला. फुलांना नावं मिळाली ती ड्यूकची आणि गिब्सनची. ओझी वाहणाऱ्यांची नव्हेत!

मग ही रोपं जगवायची कशी? हिंदुस्थान म्हणजे भट्टी, असा तिकडे समज. काचघरं गच्च बंद, आत धगधगती चूल, वारा मुळीच नाही. रोपं ढिगानं मेली. थंडीनं नव्हे, उबेनंच! खासी टेकड्यांवर तर गार हवा, धुकं, खेळता वारा. पॅक्स्टननं ते ओळखलं. ऊब कमी केली, खिडक्या उघडल्या, जमिनीवर पाणी शिंपडलं, आणि रोपं तगली.

त्याच चॅट्सवर्थच्या बागेत पॅक्स्टननं उष्ण देशांतल्या इतर झाडांसाठी २७७ फूट लांब काचघर बांधलं. आठ बॉयलर, गरम पाण्याचे मैलोन् मैल नळ. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. झाडं गारठून मेली, आणि १९२० मध्ये ते काचघर सुरुंग लावून पाडलं. ड्यूकलासुद्धा परवडलं नाही, तिथं आपल्या बचत गटाची काय कथा?

पण आपल्याला फुकटचं ऊन आहे. रात्री मात्र जपावं लागतं. शेजारच्या परभणीत काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खाली गेला आहे. रोपवाटिकेच्या शेडला उत्तरेकडून तरटाचा पडदा बांधा. आत पाण्यानं भरलेले काळे ड्रम ठेवा. दिवसा तापतात, रात्रभर ऊब सोडतात. दुपारी पडदा वर करा, नाहीतर रोपं आतल्या आत उकडतात. बंद शेडमध्ये कोळशाची शेगडी ठेवून राखणीला कुणी झोपू नका. त्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.