इसोका
दक्षिण आफ्रिकेतील झुलू समाजाची पौरुषविषयक एक संकल्पना. अनेक मुलींचे प्रेम संपादन करणाऱ्या तरुणास झुलू भाषेत ‘इसोका’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस डर्बन व त्याच्या परिसरातील वस्त्यांत एचआयव्हीचा जो प्रसार झाला, त्याच्या संदर्भात ही संकल्पना महत्त्वाची ठरते.

ती मुळातच स्वैराचाराची परंपरा होती, असे मानणे मात्र चुकीचे होय. इसोकाचे प्रणयाराधन हा विवाहाच्या वाटेवरील एक टप्पा असे. अविवाहितांना ‘उकुसोमा’ या, प्रत्यक्ष संभोग टाळणाऱ्या, शरीरसंबंधाची मुभा होती. त्यावर थोरल्या मुलींची देखरेख राही. मुलगी गरोदर राहिल्यास तरुणाच्या घराण्यास गुरांच्या रूपाने दंड भरावा लागे. मर्यादा सोडणाऱ्यास ‘इसोका लामान्याला’ म्हणजे गलिच्छ इसोका म्हणत. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी उकुसोमा पाप ठरविले व ही देखरेखही सुटत गेली.

विवाहासाठी इलोबोलो म्हणजे देज द्यावे लागते. १८६९ मध्ये नाताळच्या वसाहत सरकारने सामान्य माणसासाठी देजाची मर्यादा दहा गुरे ठरविली. पुढे तीच रूढ दर बनली. खाणी व कारखान्यांतील वेतनातून तरुण देज जमवीत. पण १९७० नंतरच्या दशकांत बेकारी वाढली आणि विवाह अनेकांच्या आवाक्याबाहेर गेला. कुटुंबप्रमुख होण्याची वाट बंद झाल्यावर प्रेयसींची संख्या हीच पौरुषाची खूण उरली. तरुणींनाही रोजगार नव्हता. शाळेची फी, कपडे, घरखर्च यांसाठी त्या कमावत्या, बहुधा वयाने मोठ्या, प्रियकरांवर अवलंबून राहिल्या. भेटवस्तू हे प्रेमाचे चिन्ह समजले जाई, वेश्याव्यवसाय नव्हे. त्यामुळे निरोध वापरण्याचा आग्रह हा अविश्वास ठरे. अनेक प्रियकर असणाऱ्या स्त्रीच्या वाट्यास मात्र ‘इसिफेबे’ ही शिवी येई.

दक्षिण आफ्रिकेत प्रसूतिपूर्व तपासणीस आलेल्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीबाधितांचे प्रमाण १९९० मध्ये १ टक्क्याहून कमी होते. २००५ मध्ये ते ३०.२ टक्के, तर क्वाझुलू-नाताळ प्रांतात ३९.१ टक्के झाले. या काळात कौमार्य-तपासणीच्या जुन्या प्रथेचे पुनरुज्जीवन करण्यात आले. तपासणी मुलींचीच होई, इसोकाची नव्हे. २००५ च्या बालकविषयक कायद्याने सोळा वर्षांखालील मुलींची अशी तपासणी निषिद्ध केली.

घरोघरी मृत्यू होऊ लागले, तेव्हा इसोकाची प्रतिष्ठाही ओसरू लागली. २००४ पासून सरकारी रुग्णालयांत विषाणुरोधक औषधे मिळू लागली. दक्षिण आफ्रिका व युगांडातील तरुणींवर वर्षातून दोनदा घ्यावयाच्या लेनाकापाविर या प्रतिबंधक इंजेक्शनची चाचणी झाली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. ते घेण्यास प्रियकराची संमती लागत नाही.