अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील रक्तस्राव

गर्भारपणाचे ३२ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला श्वासाच्या त्रासाइतकाच मेंदूतील रक्तस्रावाचा धोका असतो. या वयात मेंदूतील द्रवाच्या पोकळ्यांलगत नव्या पेशी घडविणारा एक थर असतो. त्यातील रक्तवाहिन्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात. दिवस भरेपर्यंत हा थर विरून जातो. अपुऱ्या दिवसांचा मेंदू रक्तदाबातील चढउतार सावरू शकत नाही. श्वास अडखळला किंवा शिरेतून द्रव घाईने दिला गेला, तरी या वाहिन्या फुटू शकतात. बहुतेक रक्तस्राव पहिल्या ७२ तासांत होतो आणि पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. टाळूवरून केलेली सोनोग्राफी हेच निदानाचे मुख्य साधन होय.

पपील यांनी १९७८ मध्ये मांडलेली चार श्रेणींची वर्गवारी आजही वापरात आहे. पहिल्या दोन श्रेणींतील बरीच बाळे पुढे चांगली वाढतात. तिसरीत पोकळ्या रक्ताने फुगतात. चौथ्या श्रेणीबाबतची समजूत मात्र बदलली आहे. पोकळीतले रक्त फुटून मेंदूत शिरते, असे पूर्वी मानले जाई. प्रत्यक्षात साकळलेल्या रक्ताने जवळच्या नीलेतील निचरा तुंबतो आणि त्या भागातील मेंदू मृत होतो. ही इजा बहुधा एकाच बाजूची असते. विरुद्ध बाजूच्या हातापायांत पुढे ताठरपणा राहू शकतो.

झालेली इजा भरून काढणारे औषध नाही. त्यामुळे प्रसूतीपूर्वीचे काही तास मोलाचे ठरतात, आणि तिथेच अंतराचा प्रश्न येतो. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यातील डोंगरी गावांपासून जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून दूर आहे. जन्मलेले बाळ हादरे खात नेण्यापेक्षा ते पोटात असतानाच आईला नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात हलविणे केव्हाही श्रेयस्कर.

२४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्यास आईला १२ तासांच्या अंतराने डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने देतात. फुफ्फुसांसाठीचे हे औषध मेंदूतील रक्तस्रावही घटविते. केंद्राच्या २०१४ च्या सूचनांनुसार उपकेंद्रातील आरोग्यसेविका पहिली मात्रा देऊन आईला पुढे पाठवू शकते. औषध स्वस्त आहे; घोडे अडते ते कळा वेळीच ओळखण्यात. याच जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभारलेल्या प्रकल्पात गावातल्याच स्त्रिया जोखमीच्या गर्भवती हेरून पुढे पाठवू लागल्या, ते याच कारणाने महत्त्वाचे.

रक्तस्राव झालेल्या बाळाच्या डोक्याचा घेर घरी गेल्यावरही नियमित मोजून घ्यावा. तो झपाट्याने वाढल्यास किंवा टाळू फुगल्यास डोक्यात पाणी साठत असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुढच्या तपासणीची वाट पाहू नये.