गुरांच्या जाती व प्रजननक्षमता : आनुवंशिक घटक (कोल्हापूर परिसर)

कालवड वयात येण्याचे वय, पहिल्या वेताचे वय, दोन वेतांतील अंतर, एका रेतनात गाभण राहण्याचे प्रमाण आणि वळूच्या रेताची प्रत या गुणांवरून गुरांची प्रजननक्षमता ठरवतात. गायींकडील बहुतेक गुणांचा आनुवंशिकता-अंक 0.01 ते 0.05 इतका अल्प असतो, दूध-उत्पादनाचा 0.25 ते 0.35 च्या आसपास भरतो. एकाच गोठ्यातील दोन गायींमधला फरक म्हणूनच मुख्यतः वैरण, क्षार, आजार व रेतनाची वेळ यांमुळे पडतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात गाय वारंवार उलटत (रेतनानंतर गाभण न राहता पुन्हा माजावर येत) असेल, तर आधी गव्हाण तपासावी. उसाच्या वाड्यातील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. जातीजातींमधील अंतर मात्र बऱ्याच अंशी जनुकीय आहे.

स्थानिक जाती : वशिंड असलेली भारतीय गुरे (झेबू) युरोपीय गुरांपेक्षा उशिरा वयात येतात. त्यांचा माज कमी काळ टिकतो आणि पुष्कळदा रात्रीच येऊन जातो. गाभणकाळही काही दिवसांनी जास्त असतो. उलटपक्षी, झेबूचे कोवळे गर्भ उष्णतेचा ताण अधिक सोसतात. खिल्लारची निवड पिढ्यानपिढ्या ओढ, चाल आणि बांधा पाहून झाली. गाय कितव्या महिन्यात पुन्हा गाभण राहिली, हे पाहून वळू ठेवण्याची रीत नव्हती. त्यामुळे पहिले वेत चौथ्या वर्षाच्या पुढेमागे येणे हे या जातीत गृहीतच धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये, खिल्लार बैल ज्यांत धावतात त्या बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यतीत नाव काढलेल्या मोजक्या वळूंकडेच गायी नेल्या गेल्या, तर सगोत्र पैदास वाढते. बाप-लेकीच्या संकरातून झालेल्या वासरात सगोत्रतेचा अंक 25 टक्के, सावत्र भावंडांच्या संकरात 12.5 टक्के येतो. असा अंक वाढला की गर्भधारणा आणि वासरांची जगण्याची शक्ती दोन्ही घटतात.

कृष्णाकाठ गोवंश एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णेच्या खोऱ्यातील संस्थानिकांच्या आश्रयाने, काळ्या जमिनीच्या जड मशागतीसाठी तयार झाला. गीर, ओंगोल, काँक्रेज आणि स्थानिक गुरे यांचा त्यात वाटा सांगतात. प्रमाणाबाबत मतभेद आहेत. आज शुद्ध जनावरे फार थोडी उरली आहेत. अमेरिकी ब्राह्मण जातीच्या घडणीत या वंशाचा अल्प वाटा मानला जातो. ऑस्ट्रेलियातील ब्राह्मण गुरांवर झालेल्या संशोधनात 14 व्या गुणसूत्रावरील एका भागाचा (पीएलएजी-1 जनुकाच्या आसपासचा) बांधा आणि वयात येण्याचे वय या दोन्हींशी संबंध दिसला. मोठा बांधा देणारे रूप वयात येणे लांबवते. बैलाच्या थोराड बांध्यावर भाळून वळू निवडणाऱ्या आपल्या भागाने याची दखल घ्यायला हवी.

संकरित गायी : उरुळी कांचनच्या बाएफने (स्थापना 1967) आणि सहकारी दूध संघांनी संकरीकरण गावोगाव नेले; त्यांपैकी कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे ‘गोकुळ’, 1963 चा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या संकरातून फुले त्रिवेणी ही गाय दिली. पहिल्या पिढीतील संकरित कालवड लवकर माजावर येते. संकरितांचा आपसांत संकर केला की संकरातून आलेला जोम (संकरजोम) निम्म्यावर येतो व गर्भधारणा घसरते. विदेशी रक्त वाढवत नेल्यास दूध वाढते, पण दूध आणि प्रजनन यांचे जनुकीय नाते उलटे असल्याने भाकडकाळ लांबतो.

गुणसूत्रे व वळू : गाय उलटली की दोष गायीला लावण्याची रीत आहे. वास्तविक एक गाय गोठ्यापुरती, तर एक वळू शेकडो गायींपुरता असतो. गुरांची गुणसूत्रे 60. पहिले व 29 वे गुणसूत्र एकमेकांना चिकटून 59 झालेला वळू दिसायला, चढायला आणि रेताच्या प्राथमिक तपासणीत धडधाकट ठरतो. त्याच्या काही शुक्रपेशींतून असंतुलित गर्भ तयार होऊन लवकर मरतात. हा दोष 1964 मध्ये स्वीडनच्या तांबड्या-पांढऱ्या गुरांत गुस्टाव्हसन व सहकाऱ्याने नोंदवला. वाहकांची प्रजननक्षमता 5 ते 10 टक्क्यांनी कमी होते, अर्ध्या लेकी वाहक निघतात; स्वीडनने असे वळू रेतनातून काढून टाकले. झेबू आणि युरोपीय गुरांचे ‘वाय’ गुणसूत्र आकाराने वेगळे असते, त्यामुळे वळूचा पितृवंश सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखता येतो. संकरित वळूंमध्ये रेत पातळ असणे किंवा गोठवण न सोसणे भारतात वारंवार आढळते. कारणांबाबत एकमत नाही. वळूबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते; तो जनुकदोष नव्हे, गर्भावस्थेत रक्तवाहिन्या जोडल्या गेल्याचा परिणाम.

सुप्त घातक जनुके : ‘डम्प्स’ या होल्स्टीनमधील दोषात दोन्हीकडून दोषी जनुक आलेला गर्भ सुमारे 40 व्या दिवशी मरतो. 1962 मध्ये जन्मलेल्या ‘चीफ’ या अमेरिकी वळूकडून पसरलेल्या दुसऱ्या एका जनुकदोषाने जगभर पाच लाखांहून अधिक गर्भ दगावले, असा 2016 मधील अंदाज आहे. जर्सीतही असा एक दोष 15 व्या गुणसूत्रावर आहे.

राज्यातील इतर देशी जाती : डांगी, देवणी, लाल कंधारी, कोकण कपिला.

म्हशी : गुणसूत्रे 50, गायीशी संकर होत नाही. पंढरपुरी म्हैस नियमित विण्यासाठी ख्यात.

तपासणी : भारतातील गोठित रेत केंद्रांच्या किमान मानकांनुसार वळूंची गुणसूत्रे आणि डम्प्ससारखे दोष तपासावे लागतात. गावात नैसर्गिक रेतनासाठी ठेवलेला वळू या मानकांच्या कक्षेत येत नाही. असा वळू घेताना निदान त्याचे रेत, वृषणांचा घेर आणि त्याच्या आईचे दोन वेतांतील अंतर पाहावे. घेर मोठा असलेल्या वळूच्या लेकी लवकर वयात येतात.