शिडी, दोर आणि बकेट

1944 च्या सुमारास कॅलिफोर्नियात जे ईटेल चेरी तोडताना शिडी हलवून हलवून वैतागला आणि माणसाला थेट फांदीपर्यंत उचलणारं यंत्र त्यानं बनवलं. बकेट गाडीचा जन्म असा फळबागेतला! पुढे चेरीच्या जागी तारा आल्या, मग अँटेना.

1995 मध्ये भारतात मोबाइल आला. यथावकाश मुंबई-आग्रा महामार्गालगत धुळ्यातही मनोरे उभे राहिले. चाळीस मीटरच्या मनोऱ्याला साधी बकेट गाडी पुरत नाही. तिथं पट्टा बांधून चढावंच लागतं. बकेट खांबावरच्या लहान अँटेनांसाठी.

खान्देशात गाडी निवडताना उंचीइतकीच जमीन बघावी. तापीकाठची काळी माती पावसात लोण्यासारखी होते. गाडीला आधार देणाऱ्या जॅकखाली जाड फळ्या नसतील तर जॅकचे पाय रुततात, गाडी कलते. शिवाय जळगावकडच्या केळीबागांमधली वाट अरुंद.