मुंबईतील चटई क्षेत्र निर्देशांक : मर्यादेपासून मोबदल्यापर्यंत

मुंबईतील इमारतींची उंची व त्यांच्यामधील अंतर या प्रश्नाला गांभीर्य आले ते प्लेगमुळे. १८९६ मध्ये मांडवी भागात साथ उद्भवली आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरला. कोनाची भाषा क्लिष्ट असली तरी तिचा व्यावहारिक अर्थ सोपा होता : समोरासमोरच्या इमारतींमध्ये उंचीच्या निदान निम्मे अंतर असावे, म्हणजे तळमजल्यावरील खोलीतही उजेड पोहोचेल. ट्रस्टने जेवढी घरे पाडली तेवढी बांधली नाहीत, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि नियमाचे माप राहत्या खोलीतील उजेड हेच होते.

१९६४ च्या विकास आराखड्याच्या काळात हे माप बदलले. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरविणारा चटई क्षेत्र निर्देशांक आता नियोजनाचा पाया झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तो शहर बेटासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ असा ठेवला. या निर्देशांकाने बांधकाम मोजले जाते, माणसे नव्हेत. चाळीतील एका खोलीत रात्री किती चटया अंथरल्या जातात, याची नोंद त्यात कोठेच नसते. त्यामुळे निर्देशांक कमी ठेवल्याने गर्दी कमी झाली, असे म्हणता येत नाही.

दरम्यान जुनी घरे खचत होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली होती, साहजिकच घरमालकांनी डागडुजीकडे पाठ फिरविली. १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर व मंडळ आले. परंतु उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९ हजारांहून अधिक होती आणि उपकराचे उत्पन्न तुटपुंजे. तेव्हा शासनाने जो मार्ग स्वीकारला, त्याने निर्देशांकाचे स्वरूपच पालटले. १९९१ च्या नियमावलीत उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी निर्देशांक २ करण्यात आला व १९९९ मध्ये तो २.५ झाला. भाडेकरूंना मोफत घर द्यावे आणि वाढीव क्षेत्र विकून विकासकाने खर्च व नफा काढावा, असा हा व्यवहार होता. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या १९९५ नंतरच्या योजनांनीही हेच सूत्र उचलले आणि प्रत्येक पात्र कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर देऊ केले. जे बांधकाम जागेवर सामावत नसे, ते हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने उपनगरांत उत्तरेकडे नेता येई. मर्यादा म्हणून आलेला निर्देशांक आता मोबदल्याचे चलन झाला. या चलनाची किंमत जागेच्या बाजारभावावर अवलंबून असल्याने जेथे भाव चढे तेथे योजना मार्गी लागल्या आणि जेथे भाव कमी तेथे त्या रखडल्या. कोणती इमारत अधिक धोकादायक, हा प्रश्न मागे पडला.

सर्वांत मोठी तडजोड इमारतींमधील मोकळ्या जागेची झाली. पुनर्वसनाच्या इमारतींना या बाबतीत सवलती दिल्या गेल्या. मानखुर्दमधील लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीतील नटवर पारेख कंपाउंड येथे प्रकल्पबाधितांसाठी उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर आहे. पंधरा मीटर उंचीच्या इमारतीलाही ऑर यांच्या हिशेबाने साडेसात मीटर अंतर लागले असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या वसाहतींतील क्षयरोगाचा संबंध अपुऱ्या उजेडाशी व कोंदट हवेशी जोडण्यात आला. खालच्या मजल्यांवरील घरांत हा धोका अधिक दिसला. त्याच वर्षी लागू झालेल्या नव्या नियमावलीने रुंद रस्त्यांवर निवासी निर्देशांक शहर बेटात ३ पर्यंत आणि उपनगरांत २.५ पर्यंत वाढविण्याची मुभा दिली. रस्त्याच्या रुंदीचा विचार निदान तेथे झाला. पुनर्वसन इमारतींच्या मोकळ्या जागेतील सवलती मात्र राहिल्याच.