आवाज मोठा करणारी पेटी

आत्ता मी तुमच्याशी अगदी घरातल्या आवाजात बोलतो आहे. समोर मायक्रोफोन आहे म्हणून हे जमतं. तो नसता, तर माझे शब्द या खोलीच्या दाराबाहेरही गेले नसते. आपल्याला याचं काही वाटत नाही, पण माणसाच्या आवाजाची ही सोय जेमतेम एका शतकाची आहे.

त्याआधी काय होतं? छाती आणि गळा. दवंडीवाला, कीर्तनकार, फडावरचा शाहीर, सगळ्यांचा कारभार यावरच. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख, यांचा पहाडी आवाज ऐकलेली माणसं अजून भेटतात आणि त्या आवाजाबद्दल बोलताना त्यांचा स्वतःचा आवाजही नकळत चढतो. पण असा गळा लाखात एखाद्याला. बाकीच्यांचं म्हणणं घरात, फार तर पारावर राहायचं.

अमेरिकेत १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी तीन टोकांची काचेची नळी बनवली. आपण तिला व्हॉल्व्ह म्हणतो. तिचं काम शेतकऱ्याला चटकन कळेल. चारीला पाणी धो धो येत असतं. दारावर एखादं पोर बसवलं आणि ते फळी थोडी वर-खाली करत राहिलं, तर पाणीही तसंच कमी-जास्त होतं. जोर पाण्याचा, हालचाल पोराची. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पाण्याच्या जागी बॅटरीची वीज असते आणि फळी हलवणारं पोर म्हणजे मायक्रोफोनमधून आलेला क्षीण विद्युतप्रवाह. तुमचा आवाज मोठा होत नाही. त्याच्या तालावर दुसरीच मोठी शक्ती नाचवली जाते. (कवी म्हणून मला हे जरा लागलं, पण ते खरं आहे.)

१९१५च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी आपला लाउडस्पीकर मोठ्या गर्दीपुढे वाजवून दाखवला. चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन सॅन दिएगोत त्याच यंत्रातून हजारो लोकांशी बोलले. आपल्याकडे हे यंत्र सभेच्या मांडवात नेलं ते शिकागो रेडिओ या कंपनीनं. नाव शिकागो, मालक मात्र सिंधचं मोटवाने कुटुंब आणि पेढी मुंबईत. गांधीजी, नेहरू, सुभाषबाबू यांची जुनी छायाचित्रं नीट पाहा. मायक्रोफोनवर पुष्कळदा हेच नाव दिसेल. १९४२च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता यांच्याबरोबर नानिक मोटवाने हेही आरोपी होते, पुढे ते निर्दोष सुटले. याच मोटवान्यांचा कारखाना आपल्या नाशिकरोडला आहे, हे जिल्ह्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

आमच्या चांदवडनं या यंत्राचा खरा उपयोग पाहिला तो ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ला. शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन होतं. लाखो बायका गावात आल्या होत्या. मी तेव्हा शाळेत होतो. भाषणातलं फार काही कळलं नाही, पण लांबवर बांधलेल्या भोंग्यांतून बाईचा आवाज येतो आहे आणि पुरुष थांबून ऐकताहेत, हे मात्र कळलं. भोंग्यातून तोवर मी पुढारी आणि सिनेमाची गाणीच ऐकली होती.

तरीही ती पेटी मंडपवाल्याचीच. भाड्यानं आणायची. घरच्या विजेवर नाहीतर बारा व्होल्टच्या जड बॅटरीवर चालवायची. ज्याच्याकडे मंडप, त्याच्याकडे आवाज, हा हिशेब काही बदलला नव्हता.

तो बदलायची सुरुवात प्रयोगशाळेत कधीच होऊन गेली होती. डिसेंबर १९४७मध्ये बेल लॅबोरेटरीत ट्रान्झिस्टर जन्मला. त्याला तापवावं लागत नव्हतं, व्हॉल्व्हसारखे दोन-अडीचशे व्होल्टही लागत नव्हते. पुढे कितीतरी ट्रान्झिस्टर एका तुकड्यात बसवून आयसी झाली. १९६२मध्ये बेलच्याच गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी एक वेगळा मायक्रोफोन तयार केला. त्यामुळेच आज शर्टाच्या बटणाएवढा माइक चहाच्या किमतीत मिळतो. एलएम ३८६ नावाची आयसी चिंचोक्याएवढी, आठ पायांची. चार पेन्सिल सेल, एक छोटा स्पीकर आणि चार-पाच सुटे भाग जोडले, की अर्ध्या वॉटहूनही कमी ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर तयार. खिशात मावेल असा.

आणि म्हणूनच तो शाळेत आला. आपल्या शाळांत कार्यानुभवाचा तास म्हणजे खडू, फिनेल आणि कागदी फुलं, अशी जुनी रीत. तिला छेद देणारी माणसंही महाराष्ट्रातच झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि हातानं काम करत शिकण्याला शाळेच्या वेळापत्रकात जागा मिळवून दिली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं पुढे मराठी माध्यमाच्या आणि ग्रामीण मुलांबरोबरही असे उपक्रम केले. पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की, बाहुल्यांचा खेळ. त्यांचा आग्रह असा की वस्तू कुणासाठी ते आधी ठरवा, चित्र काढा आणि मग हात घाला.

आमच्या भागातल्या एका शाळेत नववीच्या मुलांनी अ‍ॅम्प्लिफायर करायला घेतला, तेव्हा त्यांच्या सरांनी हाच प्रश्न टाकला. कुणासाठी? मुलं आधी म्हणाली, गणपतीसाठी. मग म्हणाली, बाईंसाठी, त्यांचा घसा बसतो. शेवटी एका मुलीनं कांद्याच्या लिलावाचं नाव काढलं. तिच्या वडिलांचा ट्रॅक्टर दर हंगामात बाजार समितीत रांगेला असतो. लिलाव पुकारणारा गाडीगाडीपाशी फिरतो, भोवती व्यापाऱ्यांचा गराडा, शेजारी ट्रॅक्टरची फटफट. शेतकरी मागे ट्रॉलीवर उभा. त्याच्या वर्षाच्या कांद्याचा भाव दहा पावलांवर ठरतो आणि तो त्याला नीट ऐकू येत नाही.

सरांनी मला बोलावलं ते पेटीपुढे बोलून बघायला. कवीला माइक द्यायला सहसा कुणी धजत नाही, म्हणून लगेच गेलो. आमच्या जातीला माइक एकदा मिळाला की सुटत नाही. मी आपल्या कविसंमेलनी आवाजात सुरुवात केली, तोच ती मुलगी म्हणाली, “चाचा, हळू बोला. हळू बोललेलं ऐकू आलं पाहिजे.”

खोलीत छान ऐकू आलं. बाजार आवारात मात्र पेटी मुकी झाली. एवढीशी ताकद ट्रॅक्टरपुढे कुठे पुरणार? एक मुलगा म्हणाला, मोठी आयसी आणि बारा व्होल्टची बॅटरी घालू. वजन केलं तर नुसती बॅटरीच दोन किलोंहून जड. दिवसभर फिरणाऱ्या माणसाच्या खांद्याला ती कोण बांधणार? बाजारात हातात धरायचा तयार भोंगा मिळतो, हे मुलांना माहीत होतं. पण पुकारणाऱ्याच्या हातात पावतीपुस्तक असतं.

मग उपाय निघाला तो जुनाच. कागदी कोनाच्या स्पीकरऐवजी लहान कर्णा लावला. कर्ण्यातून तेवढीच वीज कितीतरी जास्त आवाज देते आणि जिकडे तोंड तिकडेच देते. आयसी तीच, सेल तेच. त्याचं तोंड व्यापाऱ्यांकडे नाही, ट्रॉलीकडे केलं, कारण व्यापाऱ्यांना तसंही ऐकू येतं.

राहिली किंचाळी. माइकनं कर्ण्याचा आवाज ऐकला की तो पुन्हा वाढून बाहेर येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि सभेत आपण कान झाकतो तशी सूंऽऽ सुरू होते. मुलांनी आयसीच्या पहिल्या आणि आठव्या पायात दहा मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर (आमचे मेकॅनिक त्याला कंडेन्सरच म्हणतात) जोडून वीसपट वाढ दोनशेपट केली होती. तो काढून टाकला. माइक गळ्यातून काढून ओठांपाशी आणला, कर्णा पाठीवर गेला. किंचाळी थांबली.

दुसऱ्यांदा आवारात गेलो तेव्हा तिसऱ्या ट्रॉलीवरच्या एका बाबांनी हात वर करून पुकारणाऱ्याला थांबवलं आणि भाव पुन्हा सांगायला लावला. व्यापारी जरा चमकले. भाव तोच होता, पण विचारला गेला.

पेटीत अजून खरखर येते. चालताना सेलच्या डबीची पट्टी हलते, असा मुलांचा अंदाज आहे. सध्या तिथलं सोल्डरिंग चालू आहे.