बियाण्याची नदी

डिसेंबर लागला की जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मुराकामी गावात घरांच्या वळचणीला सॅल्मन मासे टांगलेले दिसू लागतात. शेपटी वर, डोके खाली. पोटाला चीर दिलेली असते, पण ती सलग नसते. वरून एक चीर, खालून एक चीर आणि मधे बोट-दोन बोटे कातडी तशीच जोडलेली. गावातले लोक याचे कारण सांगतात, की हे सामुराईंचे गाव. पोट आरपार चिरणे म्हणजे हाराकिरी, आणि ज्या माशाने गाव जगवले त्याच्या वाट्याला ती येऊ नये. गळ्याला फास लावून टांगायचे नाही, तेही याच भावनेने. या माशाला इथल्या बोलीत ‘इयोबोया’ म्हणतात. ‘इयो’ म्हणजे मासा आणि ‘बोया’ म्हणजेही मासाच, म्हणजे माशांतला मासा. मुराकामीच्या हिवाळी जेवणाचे कौतुक होते तेव्हा श्रेय थंडीला, मिठाला आणि समुद्रावरच्या वाऱ्याला दिले जाते. त्यांचा वाटा आहेच. पण थंडी, मीठ आणि वारा जपानच्या या साऱ्या किनाऱ्याला मिळाले आहेत. मुराकामीची परंपरा इतकी खोल रुजली त्याचे मुख्य कारण वेगळे आहे. काय खायचे हे ठरवताना काय राखून ठेवायचे हेही या गावाने ठरवले.

आधी वाऱ्याचे काम पाहू. हिवाळ्यातल्या या खारवलेल्या सॅल्मनला ‘शिओबिकी’ म्हणतात. त्यासाठी शक्यतो नर निवडतात, कारण मादीचा कस गाबोळीत गेलेला असतो. मासा साफ करून, अंगावरचा बुळबुळीतपणा खरवडून त्याला शेपटीकडून डोक्याकडे, म्हणजे खवल्यांच्या उलट दिशेने, मीठ चोळतात. आठवडाभर मुरला की पाण्यात धुऊन जादा मीठ काढतात आणि मग वाऱ्यावर टांगतात. इथला वायव्येचा वारा थंड असतो, पण बर्फामुळे दमटही असतो. त्यामुळे मासा भराभर सुकत नाही. मांसातली प्रथिने सावकाश फुटत जातात आणि चव त्यातून येते. काही मासे पुढे पावसाळ्यापर्यंत तसेच टांगून ठेवतात. ते कडक झाले की त्यांचे पातळ काप करून त्यावर तांदळाची दारू शिंपडून खातात. या गावात सॅल्मनचे शंभराहून अधिक पदार्थ होतात. काळीज, यकृत, कण्यालगतचे रक्त, डोक्यातले कूर्च, काहीही टाकून देत नाहीत.

हा मासा इथे पूर्वापार मिळत होता. दहाव्या शतकातल्या ‘एंगिशिकी’ या राजदरबारी नियमसंग्रहात एचिगो प्रांताकडून, म्हणजे याच मुलुखाकडून, येणाऱ्या करांमध्ये सॅल्मनची नोंद आहे. एदो काळात मिओमोते नदीतल्या मासेमारीचा मक्ता दिला जाई आणि ती रक्कम संस्थानाच्या तिजोरीत पडे. पण अठराव्या शतकात मासा आटू लागला. जो मक्ता घेई तो भरलेले पैसे वसूल करण्यासाठी नदी उपसणार, आणि अंड्यावर आलेली मादीही जाळ्यात जाणार, हे उघड होते. बियाण्याचे धान्य दळून खाल्ल्यावर पेरायला काय उरणार? तेव्हा आओतो बुहेइजी या सामान्य दर्जाच्या सामुराईने एक गोष्ट ओळखली, की सॅल्मन ज्या नदीत जन्मतो तिथेच अंडी घालायला परत येतो. मग नदीचा एक फाटा काढायचा, त्याला कुंपण घालायचे, आत आलेल्या माशांना वाळू-गोट्यांत निवांत अंडी घालू द्यायची, आणि वसंतात पिल्ले समुद्राकडे निघाली की त्यांना धक्का लावायचा नाही, अशी त्याची योजना होती. या फाट्याचे नाव ‘तानेगावा’, म्हणजे बियाण्याची नदी. काम 1763 मध्ये सुरू झाले आणि 1794 मध्ये पुरे झाले. बुहेइजी 1788 मध्येच वारला होता. सॅल्मनची अशी नैसर्गिक पैदास राखण्याचा हा जगातला पहिला प्रयत्न मानला जातो.

यावर कोणी म्हणेल, की ही दूरदृष्टी कसली, हा तर तिजोरीचा हिशेब होता. मक्त्याचे उत्पन्न वाढून हजार र्‍योंच्या पुढे गेले, हे खरे आहे. पण निव्वळ लोभाला एकतीस वर्षे धीर धरवत नाही. पिल्लू समुद्रात जाऊन मोठे होऊन परत यायला साधारण चार वर्षे लागतात. मधल्या काळात हाताशी आलेला मासा सोडून द्यायचा, तोही पुढचे पीक दुसऱ्याच कोणाच्या जाळ्यात जाईल हे माहीत असताना. हिशेब होताच, पण तो पुढच्या पिढीला धरून केलेला होता. याचा पुरावा मेजी काळात मिळतो. संस्थाने खालसा झाली, सामुराईंची तनख्यावरची गुजराण संपली. तेव्हा 1882 मध्ये मुराकामीच्या जुन्या सामुराई घराण्यांनी नदीतल्या सॅल्मनच्या पैदाशीसाठी संस्था काढली. 1884 मध्ये या एका नदीत सात लाखांवर मासे मिळाले. त्या उत्पन्नातला वाटा गावच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च झाला. त्या पैशावर शिकलेल्यांना ‘साके नो को’, म्हणजे सॅल्मनची लेकरे, म्हणत. मासा फक्त ताटात न जाता शाळेतही पोचला, आणि म्हणूनच त्याच्याविषयीची कृतज्ञता साऱ्या गावाची झाली.

दुसरी शंका त्या अर्धवट चिरेबद्दल. हाराकिरीची गोष्ट मागाहून जोडलेली असेल आणि मूळ कारण कारागिरीचे असेल, असे म्हणता येईल. तसे असले तरी माझ्या मुद्द्याला बाध येत नाही. गोष्ट केव्हाही जोडलेली असो, ती पिढ्यान्‌पिढ्या सुरीने पाळली गेली आहे. दरवर्षी हजारो माशांवर हात दोन बोटे अलीकडे थांबतो. जिथे थांबायचे तिथे थांबणे हे तानेगावाचेही तत्त्व आहे. वर्षाच्या शेवटच्या रात्री शिओबिकी भाजतात, तेव्हा छातीच्या पराजवळचा पहिला तुकडा देवापुढे किंवा घरातल्या कर्त्या माणसाच्या पानात जातो. त्यातही मान आधी आणि भूक मागाहून.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. अलीकडे जपानच्या नद्यांत परतणारा सॅल्मन खूप घटला आहे आणि समुद्र तापणे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. एका गावाने आपली नदी राखून समुद्र थंड होत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यातून बुहेइजी चुकला असे निघत नाही. कुंपण आता मोठे घालायला हवे आणि ते एकट्या मुराकामीला घालता येणार नाही, एवढेच निघते. मुराकामीच्या सॅल्मन संग्रहालयात जमिनीखाली काच बसवलेली आहे आणि तिच्यातून तानेगावाचे पात्र दिसते. शरद ऋतूच्या अखेरीस तिथे मादी शेपटी आपटून गोटे बाजूला सारते आणि अंड्यांसाठी खड्डा करते. वर गावात त्याच सुमारास पहिले मासे वळचणीला चढतात. त्या खड्ड्यातून चार वर्षांनी काय परत येते, त्यावरच पुढच्या हिवाळ्यांची ताटे अवलंबून आहेत.